बिऱ्हाड पाठीवर घेतलेले राजे

पूर्णा जंक्शनवर वाढलेल्याला ‘बदली’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आमच्या रेल्वे कॉलनीत दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या दारात ट्रक लागायचा. पत्र्याच्या ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, तुळशीची कुंडी आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हरशेजारी तोंड पाडून बसलेला वर्गातला एखादा मित्र. अकोला, मनमाड, काचीगुडा. कागद आला की घर हललं. शाळेच्या मैदानात बास्केटबॉलची एक लोखंडी कडी होती, तिला जाळी कधीच नव्हती. तिच्याखाली जमणाऱ्या पाच-सहा पोरांतला एक जण दर जूनमध्ये कमी व्हायचा. तरी एक गोष्ट पक्की होती. माणसं जायची, स्टेशन जागच्या जागी राहायचं.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये स्टेशनच उचलून नेतात. संघाचे खेळाडू, जिंकलेले करंडक, विक्रमांची वही, सगळं ट्रकमध्ये भरायचं आणि दुसऱ्या राज्यात जाऊन उतरवायचं. मागे उरतं रिकामं सभागृह आणि वर्षानुवर्षं तिकिटं काढलेली माणसं. एनबीए या तिथल्या लीगमध्ये हे पुरेपूर भोगलेली संस्था म्हणजे सॅक्रमेंटो किंग्ज. शंभर वर्षांत तिची पाच गावं झाली. खेळाडूला संघ बदलण्याचा हक्क मिळाला, तोही याच घरातल्या एकानं लावलेल्या दाव्यातून. आणि २०१३ पासून या संघाच्या मुख्य मालकाचं आडनाव आहे रणदिवे. पूर्णेत बसून तिची वाटचाल लिहायला एवढं कारण पुरे.

संस्था आपलं वय १९२३ पासून मोजते. न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर, कोडॅक कॅमेऱ्याचं गाव. तिथे सीग्रॅम या दारू कंपनीच्या नावानं एक अर्धव्यावसायिक संघ खेळायचा. त्याचा सर्वेसर्वा लेस हॅरिसन. आधी खेळाडू, मग प्रशिक्षक, मग भाऊ जॅकच्या साथीनं मालक. १९४५ मध्ये संघ ‘रॉचेस्टर रॉयल्स’ झाला आणि १९४९ मध्ये एनबीए आकाराला आली तेव्हा तिच्यात होता. सभागृह एजर्टन पार्कातलं, चार हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं. बास्केटच्या मागेच दारं होती आणि जोरात धावत आलेला खेळाडू दार ढकलून थेट बाहेरच्या बर्फात जायचा, अशी आठवण त्या पिढीतले लोक सांगत. या जागेत रॉयल्सनी १९५१ चं विजेतेपद मिळवलं. न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिले तीन सामने जिंकले, पुढचे तीन हरले आणि सातवा ७९-७५ असा काढला.

पण त्या काळात लीगचं पोट तिकीटबारीवर चालायचं. चार हजारांच्या सभागृहात कितीही टाळ्या पडल्या तरी गल्ला चार हजारांचाच. १९५७ मध्ये हॅरिसन बंधूंनी संघ ओहायोतल्या सिनसिनाटीला हलवला. त्याच वर्षी फोर्ट वेनचा पिस्टन्स डेट्रॉइटला गेला. १९६० मध्ये मिनिआपोलिसचा लेकर्स लॉस एंजेलिसला आणि १९६३ मध्ये सिरॅक्यूजचा संघ फिलाडेल्फियाला. छोट्या गावांनी रोप लावायचं आणि मोठ्या शहरांनी सावलीत बसायचं, हा क्रम तेव्हाच ठरून गेला.

सिनसिनाटीतल्या पहिल्याच हंगामात जे घडलं ते जरा थांबून सांगायला हवं. मॉरिस स्टोक्स हा संघाचा तरुण, दणकट, कृष्णवर्णीय खेळाडू. १२ मार्च १९५८ ला मिनिआपोलिसमध्ये साखळीतला शेवटचा सामना चालू असताना तो पडला आणि डोकं जमिनीवर आपटलं. शुद्धीवर आणून त्याला पुन्हा खेळवलं. तीन दिवसांनी डेट्रॉइटला सामना खेळून परतताना विमानात तो कोसळला. पुढे सगळं शरीर लुळं पडलं, वाचा गेली. वय २४. लीगकडे अशा वेळेसाठी ना धड विमा, ना पेन्शन. त्याच सुमारास संघही विकला गेला. म्हणजे ज्याच्याकडे हात पसरावा तो मालकही बदलला.

तेव्हा त्याच संघातला जॅक ट्वायमन पुढे झाला. गोरा, विशीतला, लग्न झालेला. कोर्टात जाऊन त्यानं स्टोक्सचं पालकत्व घेतलं. कामगारांना मिळते तशी नुकसानभरपाई मिळावी म्हणून तो झगडला. दर उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या डोंगराळ भागात मदतीसाठी सामना भरवला, त्याला लीगमधले मोठमोठे खेळाडू स्वखर्चानं यायचे. स्टोक्सला बोलता येत नव्हतं. ट्वायमन एकेक अक्षर म्हणायचा, हवं ते अक्षर आलं की स्टोक्स पापणी मिटायचा. असं करत शब्द, शब्दांचं वाक्य. बारा वर्षं हे चाललं. धंदा म्हणून उभ्या राहिलेल्या या खेळात मला सगळ्यात मोठी वाटते ती ही पापणी. स्टोक्स एप्रिल १९७० मध्ये गेला. हा महिना लक्षात ठेवा.

१९६० मध्ये सिनसिनाटीनं ऑस्कर रॉबर्टसनला घेतलं. १९६१-६२ च्या हंगामात त्यानं दर सामन्याला सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट नोंदवले. तिन्ही आकडे दोन अंकी. असा हंगाम दुसऱ्या कुणाला जमायला पुढे पंचावन्न वर्षं लागली. पण या आकड्यांपेक्षा त्याचं दुसरं काम मोठं आहे. जानेवारी १९६४ मध्ये बोस्टनला ऑल-स्टार सामना होता, दूरचित्रवाणीवरून दिसणार होता. पेन्शनचा शब्द मिळेपर्यंत खेळाडू ड्रेसिंग रूममधून बाहेर यायलाच तयार झाले नाहीत. मालक दाराबाहेर संतापले, शेवटी शब्द मिळाला, सामना झाला आणि त्यात सर्वोत्तम ठरला रॉबर्टसन. पुढच्या वर्षी तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला.

त्या काळचा करार कसा होता, हे मराठवाड्यातल्या माणसाला सालगड्यावरून चटकन कळेल. सालगडी पाडव्याला सालानं राहतो, उचल घेतलेली असते, मालक कसा निघेल याचा भरवसा नसतो. तरी उचल फिटली की पुढच्या पाडव्याला तो दुसऱ्याच्या वाड्यावर जाऊ शकतो. एनबीएतल्या खेळाडूचा पाडवा कधी यायचाच नाही. मुदत संपली तरी त्याच्यावरचा हक्क त्याच संघाकडे राहायचा. दुसऱ्या कुणाशी बोलणीसुद्धा करता येत नसत. संघाला मात्र तो हवा तेव्हा, हव्या त्या गावाला पाठवता यायचा.

एप्रिल १९७० मध्ये रॉबर्टसन आणि आणखी तेरा खेळाडूंनी एनबीएवर दावा लावला. प्रतिस्पर्धी लीग एबीएशी होऊ घातलेलं विलीनीकरण रोखा, कारण दोन लीगची एक झाली की मजुरीची बोलीच संपते. आणि हा जन्मबांधणीचा करार मोडा, अशी मागणी होती. न्यायालयानं विलीनीकरण थांबवलं. दावा लावला त्याच महिन्यात सिनसिनाटीनं रॉबर्टसनला मिलवॉकीला देऊन टाकलं. प्रशिक्षक बॉब कूझीशी त्याचं पटत नव्हतं, हे खरं. त्याआधी बाल्टिमोरला पाठवायचा घाट त्यानं करारातल्या नकाराधिकारावर मोडून काढला होता, हेही खरं. मिलवॉकीनं पुढच्याच वर्षी विजेतेपद जिंकलं.

दाव्याची तडजोड १९७६ मध्ये झाली. एबीएचे चार संघ आत आले आणि खेळाडूच्या पायातली बेडी टप्प्याटप्प्यानं सैल होत गेली. १९८८ च्या उन्हाळ्यात टॉम चेंबर्स सिएटल सोडून फिनिक्सला गेला. कुणाची परवानगी नाही, कुणाला भरपाई नाही. असा पूर्ण मोकळा झालेला तो पहिला. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्सनं आपण कुठे जाणार हे दूरचित्रवाणीवर खास कार्यक्रम करून सांगितलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. त्या कार्यक्रमाचं मूळ सिनसिनाटीत आहे.

कॅन्सस सिटीचा मुक्काम थोडक्यात आटोपतो, कारण संघानंही तो तसाच केला. १९७२ मध्ये बिऱ्हाड तिथे आणि ओमाहात असं विभागून नेलं. कॅन्सस सिटीत रॉयल्स नावाचा बेसबॉलचा संघ आधीच होता, म्हणून हे ‘किंग्ज’ झाले. नेट आर्चिबाल्ड या चणीनं लहान खेळाडूनं १९७२-७३ मध्ये गुण आणि असिस्ट दोन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक काढला. १९७९ मध्ये वादळात सभागृहाचं छप्पर कोसळलं. १९८३ मध्ये सॅक्रमेंटोच्या बांधकाम-जमीन व्यवसायातल्या मंडळींनी संघ १ कोटी ५ लाख डॉलरना घेतला आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात नेला.

सॅक्रमेंटो राजधानीचं शहर, पण सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या पुढे कायम धाकटं. दुसरा मोठा व्यावसायिक संघ नव्हता, त्यामुळे गावानं याला जीव लावला. संघानं त्याची परतफेड फारशी केली नाही. १९९०-९१ मध्ये परगावचे ४१ सामने खेळून एक जिंकला. गावचे सामने तरीही भरलेले असायचे. पुढे १९९८ मध्ये ख्रिस वेबर अदलाबदलीत आला, १९९९ मध्ये सर्बियाचा व्लादे दिवाच आला आणि संघ बघण्यासारखा झाला. लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी सॅक्रमेंटोला गाईगुरांचं गाव म्हणून हिणवलं, तर लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन सभागृहात बसले आणि लेकर्सच्या कानाशी वाजवत राहिले. हे वाचून मला आमचा पोळा आठवला. २००२ मध्ये ६१ विजय, लीगमध्ये सर्वाधिक. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लेकर्सविरुद्ध सातवा सामना घरच्या मैदानावर जादा वेळेत गेला आणि किंग्ज हरले. सहाव्या सामन्यातल्या पंचांच्या शिट्ट्यांवर तिथे आजही वाद घालतात.

मालक मलूफ बंधू, लास वेगासच्या कसिनोवाले. सभागृह जुनं झालं, नव्याचं जमेना, संघ २००६ नंतर बाद फेरीत पोचेना. २०११ मध्ये त्यांनी अॅनाहाइमला जायची तयारी केली. ते बारगळल्यावर जानेवारी २०१३ मध्ये सिएटलच्या गटाशी सौदा ठरला. सिएटलचीही कथा हीच होती. त्यांचा सुपरसॉनिक्स २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला पळवला गेला होता आणि आता त्यांना दुसऱ्याचा पळवायचा होता. सॅक्रमेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः एनबीए खेळलेले, त्याच गावात जन्मलेले. त्यांनी दुसरा ग्राहक शोधायला सुरुवात केली. तो ग्राहक म्हणजे विवेक रणदिवे.

मुंबईत जन्म, जुहूत बालपण. एमआयटीत प्रवेश मिळाला तेव्हा परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेचे उंबरे झिजवावे लागले, हे ते स्वतः सांगतात. शेअर बाजारातली माहिती क्षणात संगणकावर आणणारं सॉफ्टवेअर त्यांनी केलं, पुढे टिबको ही कंपनी काढली. ती २०१४ मध्ये ४.३ अब्ज डॉलरना विकली गेली. बास्केटबॉल त्यांना मुलीमुळे कळला. बारा वर्षांच्या मुलींचा संघ शिकवायची वेळ आली. क्रिकेट-फुटबॉलवर वाढलेल्या या बापाला प्रश्न पडला, की गुण झाल्यावर आपण निमूट मागे का जातो आणि समोरच्यांना अर्धं मैदान फुकट का देतो? त्यांनी मुलींना सगळ्या मैदानभर पाठलाग करायला लावलं. चेंडू आत टाकायला पाच सेकंद, मध्यरेषा ओलांडायला दहा, तेवढ्यातच गाठायचं. उंची नाही, नेम नाही, तरी मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्करमध्ये यावर लिहिलं. २०१० मध्ये रणदिवे गोल्डन स्टेट वॉरियर्सचे भागीदार झाले होते. तो हिस्सा सोडून ते सॅक्रमेंटोत उतरले.

१५ मे २०१३ ला लीगच्या मालकांनी मतदान केलं. संघ सिएटलला हलवायला २२ विरुद्ध ८ मतांनी नकार. रणदिवेंच्या गटानं ६५ टक्के हिस्सा घेतला, तो संघाची किंमत ५३.४ कोटी डॉलर धरून. तीस वर्षांपूर्वी हाच संघ १ कोटी ५ लाखांना गेला होता. भारतीय वंशाचा पहिला मुख्य मालक म्हणून आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी कौतुक केलं; मीही ते कात्रण जपून ठेवलं. मात्र त्या सौद्याचा दुसरा भाग कात्रणात नव्हता. नवं सभागृह, २०१६ मध्ये उघडलेलं गोल्डन वन सेंटर, ५५ कोटी डॉलरच्या घरात गेलं आणि त्यातले २५.५ कोटी शहरानं घातले. ते फेडायचे पार्किंगच्या उत्पन्नातून. म्हणजे बाजारात गाडी लावणाऱ्या, बास्केटबॉल कधीच न पाहिलेल्या माणसाच्या खिशातूनही. खेळाडूला जायचा हक्क कोर्टातल्या दाव्यानं मिळवून दिला, संघाला न्यायचा हक्क मालकाकडे पहिल्यापासून होता. जागचं हलू न शकणाऱ्या गावाला एकच मार्ग उरला, पैसे मोजायचे.

गाव वाचलं, संघ लगेच सुधारला नाही. आणि इथे आडनावाचा अभिमान बाजूला ठेवून लिहायला हवं. रणदिवेंनी संघ चालवताना धरसोड केली. २०१४ च्या डिसेंबरात मायकेल मलोन या प्रशिक्षकाला काढलं, त्यानंच २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. बारा वर्षांत आठ प्रशिक्षक झाले. २०१८ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅगलीला घेतलं आणि पुढच्याच क्रमांकावर लुका डॉन्सिच निघून गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये संघातला सगळ्यात मोठा खेळाडू डिमार्कस कझिन्स ऑल-स्टार सामन्यासाठी न्यू ऑर्लिन्सला गेला होता. सामना संपला, पत्रकारांसमोर बसला होता, तेवढ्यात कुणीतरी त्याच्या कानात कुजबुजलं. त्याला न्यू ऑर्लिन्सलाच देऊन टाकलं होतं. सॅक्रमेंटोत राहिला असता तर वीस कोटी डॉलरच्या आसपासचा करार त्याच्या हातात पडणार होता. बदलीचा कागद आमच्या कॉलनीत निदान घरच्या पत्त्यावर यायचा.

याला जोड म्हणून चांगलं तेही सांगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये टायरीस हॅलिबर्टन हा तरुण खेळाडू इंडियानाला देऊन डोमांटस सबोनिसला आणलं, तेव्हा रणदिवेंना शिव्या बसल्या. पुढच्या वर्षी ४८ विजय झाले, बाद फेरीचा सोळा हंगामांचा दुष्काळ फिटला, जिंकल्यावर सभागृहाच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडायची प्रथा पडली. हॅलिबर्टननंही इंडियानाला २०२५ च्या अंतिम फेरीत नेलं. तिथे त्यांना हरवलं ओक्लाहोमा सिटीनं, म्हणजे सिएटलहून पळवलेल्या त्या संघानं. आणि किंग्जचा डी’आरन फॉक्स? करार वाढवायला राजी नव्हता; फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला सॅन अँटोनिओला पाठवावं लागलं. ऑस्कर रॉबर्टसनच्या संघाला ऑस्कर रॉबर्टसनचा कायदा असा भोवला. मला यात काही वावगं वाटत नाही.

पैसा केवढा झाला याची कल्पना दोन आकड्यांवरून यावी. १९८४-८५ मध्ये एका संघानं पगारांवर किती खर्च करायचा याची मर्यादा पहिल्यांदा घातली तेव्हा ती ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ती १५.४६ कोटी आहे. त्याच हंगामापासून प्रक्षेपणाचा नवा करार लागू झाला, अकरा वर्षांचे सुमारे ७६ अब्ज डॉलर. तिकीटबारीसाठी गाव सोडणाऱ्या हॅरिसन बंधूंना हे सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं.

या पैशाला आता नवी गावं हवीत आणि त्यांत आपणही आहोत. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिल्याला शाळांमधली तीन हजार मुलं बसवली होती. जादा वेळेत पेसर्सनी तो १३२-१३१ असा जिंकला, दुसराही त्यांनीच. त्याआधी २०१५ मध्ये सात फूट पाच इंचांच्या सिम भुल्लरला दहा दिवसांच्या करारावर उतरवून किंग्जनी एनबीएतला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू दाखवला होता. माल विकण्याची जाहिरात म्हणा हवं तर. पण त्या तीन हजार मुलांना ती फुकट पाहायला मिळाली.

आपल्या घरचा बास्केटबॉल अजून नोकरीवर चालतो. २०१५ मध्ये यूबीए नावाची लीग निघाली, पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स असे संघ होते, दोन-तीन वर्षांत सगळं गुंडाळलं. खेळाडूची खरी ‘बदली’ होते ती रेल्वेत, सेनादलात किंवा ओएनजीसीत भरती होताना. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ एखाद्या राज्यासारखा स्वतंत्र उतरतो, त्यामुळे इथे वाढलेली मुलगी खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागली की पुढच्या वर्षी महाराष्ट्राविरुद्ध खेळते. कोट्यवधी डॉलर नाहीत, पण पास, क्वार्टर आणि महिन्याचा पगार आहे. कॉलनीतल्या आईबापांना विचारा, ते कुठला करार निवडतील.

सॅक्रमेंटोचा घरचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठच्या सुमारास सुरू होतो. गाडीची वाट बघत फलाटावर बसून मी तो फोनवर बघतो. मध्येच एक बातमी आली, तीही याच घराण्यातली. ओकलंडचा अॅथलेटिक्स हा बेसबॉलचा जुना संघ लास वेगासला निघाला आहे. तिथलं मैदान होईपर्यंत, २०२५ पासून, तो सॅक्रमेंटोला लागून असलेल्या एका छोट्या मैदानात राहतो. ते मैदान रणदिवेंच्या गटाकडे आहे. गावाला सोडून निघालेल्या संघाला आसरा दिला तो संघ गावात थांबवणाऱ्या माणसानं. धंद्यात असं चालतं.

किंग्जच्या नावावर एनबीएचं विजेतेपद आजवर एकच आहे, १९५१ चं. ते ज्या रॉचेस्टरनं पाहिलं, त्या गावाला १९५७ नंतर एनबीएचा संघ मिळालेला नाही.